बारा नंबरच्या बेडवरची पाटी

सुप्रभाताईंना मी घाबरायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या रिटायर झाल्यापासून जो तो त्यांच्याबद्दल गोड गोड बोलतोय, आणि ऐकणाऱ्याला वाटेल मीही त्यातलीच. त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, कधी टाकून बोलल्या नाहीत. तरी घाबरायचे. नागपुरात आठ वर्षं नर्सिंग केलेल्या बाईला इन्चार्जला घाबरायला कारण लागत नाही. आमच्याकडे मेट्रन कॉरिडॉरमध्ये दिसली की आम्ही चक्क बाथरूममध्ये लपायचो.

मी नॉटिंगहॅमला आले २००३च्या सप्टेंबरात. बाहेरच्या देशातल्या नर्सला तेव्हा इथल्या रजिस्टरवर नाव लागण्याआधी काही महिने देखरेखीखाली काम करावं लागायचं. त्याला सगळे ॲडॅप्टेशन म्हणायचे. माझे सहा महिने ठरले होते. शेवटी वॉर्डची सिस्टर कागदावर सही करणार, मग तुम्ही नर्स. नाही केली तर सामान बांधा आणि चालू लागा. माझी तीन वर्षांची ईरा नागपुरात सासूबाईंपाशी होती, नवरा अवधूत तिथेच नोकरीत. मार्चमध्ये सही झाली की दोघांचा व्हिसा करायचा, असं ठरलं होतं. माझं सगळं घोडं त्या एका सहीवर अडलेलं होतं.

आणि ती सही करणार होत्या सुप्रभा आरवाडे. इथे सिस्टर म्हणजे वॉर्डची मुख्य बाई. म्हाताऱ्या माणसांचा चोवीस बेडचा वॉर्ड, अठ्ठावीस वर्षांची नोकरी, त्यातली बारा वर्षं इन्चार्ज. मूळच्या मिरजेच्या. उंची जेमतेम पाच फूट, छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ, चालणं इतकं भरभर की मागे राहणाऱ्याने पळावं. पेशंटसमोर एक शब्द मराठी नाही. "त्यांना वाटतं आपण त्यांच्याबद्दलच बोलतोय," म्हणायच्या. टी-रूममध्ये मात्र अस्सल मिरजेची मराठी. तिथे मी त्यांना ताई म्हणायचे, वॉर्डात सिस्टर.

पहिल्याच आठवड्यात मी चाट पडले. आमची शिफ्ट सातला सुरू व्हायची. ही बाई साडेसहाला येऊन ट्रॉली ढकलत चोवीस बेडचे पाण्याचे जग भरायची. इन्चार्ज! हे काम हेल्थकेअर असिस्टंटचं, म्हणजे आपल्याकडच्या आयाबाईचं. ताई जग भरायच्या, ग्लास पेशंटच्या हाताला लागेल असा ठेवायच्या, ज्याला स्वतःच्या हाताने जमत नाही त्याला दोन घोट पाजायच्या. तेवढ्यात कोण झोपलं नाही, कोणाचा पाय सुजलाय, कोणाचा कालचा जग तसाच भरलेला आहे, हे सगळं त्यांना कळलेलं असायचं. ख्रिसमसच्या दिवशीची ड्यूटी दर वर्षी स्वतःला लावून घ्यायच्या, म्हणजे लेकुरवाळ्यांना घरी राहता यावं. जेवायला आधी आम्हाला पाठवायच्या, स्वतः शेवटी, कधी कधी नाहीच.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण रोज सकाळचा हँडओव्हर, म्हणजे रात्रपाळीकडून माहिती घेणं, संपला की त्या सगळ्यांकडे बघून विचारायच्या, "काल माझं काय चुकलं?"

बाप रे! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं हा सापळा आहे. आमची ट्रेसी मात्र बिनधास्त. ती असिस्टंट, शिकलेली दहावीपर्यंत, आणि इन्चार्जला तोंडावर सांगायची, "सिस्टर, काल तुम्ही मला दोन कामं एकदम सांगितलीत आणि दोन्हींसाठी घाई केलीत." ताई मान डोलवायच्या आणि वहीत लिहून घ्यायच्या. मग माझ्याकडे बघायच्या. "नथिंग, सिस्टर," मी म्हणायचे. चार महिने रोज. मोठ्या माणसाची चूक तोंडावर काढायची? तीही जिच्या हातात माझी सही आहे तिची? मला काय वेड लागलं होतं?

जानेवारीतल्या एका संध्याकाळची गोष्ट. दुपारी मिस्टर हॅलम नावाचे गृहस्थ आले. वय ब्याऐंशी, पक्षाघाताचा झटका, उजवी बाजू गेलेली. तपासणीत कळलं की त्यांना गिळता येत नाही. पाण्याचा घोटसुद्धा श्वासनलिकेत जाईल. म्हणून ते निल बाय माउथ, तोंडाने काही द्यायचं नाही, नुसतं सलाइन. तशी लाल पाटी त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर लावली, सात नंबरला. त्या दिवशी ताईंची सुट्टी होती.

रात्री आठच्या सुमारास ठरलं की त्यांना बारा नंबरला हलवायचं, नर्सच्या टेबलासमोर, म्हणजे नजरेखाली राहतील. मी आणि ट्रेसीने अख्खा बेड ढकलत नेला. पाटी आणायचं काम माझं. ट्रेसी तिसऱ्या बेडकडे बेल वाजली म्हणून गेली, मी सलाइन सरळ केलं, पांघरूण नीट केलं, शिफ्ट संपत आली होती, मी घरी गेले. पाटी सात नंबरच्या भिंतीवरच राहिली. हँडओव्हरच्या कागदावरही मी 'सात, निल बाय माउथ' असंच लिहिलं होतं, ते बदललं नाही. रात्रपाळीने त्यांना काही पाजलं नाही, कारण ते रात्रभर झोपलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी पावणेसातला वॉर्डात शिरले. एप्रनची गाठ मारत होते. समोर बारा नंबरपाशी ताई. डावा हात मिस्टर हॅलमच्या मानेखाली, उजव्या हातात ग्लास. तो ग्लास त्यांच्या ओठांपाशी.

माझी नजर भिंतीवर गेली. भिंत रिकामी. त्या क्षणी सगळं आठवलं, सात नंबर, पाटी, कागद, सगळं. एक शब्द पुरला असता. "थांबा!" बस. पण तोंडातून ब्र निघेना. ताईंना थांबा कसं म्हणायचं? त्या एवढ्या मायेने पाणी पाजतायत, आणि मी दारातून ओरडायचं? हा विचार मी खरोखर केला, शब्दशः केला. दोन सेकंद असतील, फार तर तीन. मिस्टर हॅलमना तहान लागली होती बिचाऱ्यांना, त्यांनी मोठा घोट घेतला.

मग जे झालं ते मला अजून दिसतं. खोकला सुटला, तो थांबेना, चेहरा आधी लाल, मग जांभळट. ताईंनी बेल दाबली, पडदे ओढले, ट्रेसी धावली, डॉक्टर धावले. ताई ओरडल्या, "अर्चना, सक्शनची नळी!" नळ्यांचं कपाट सात नंबरच्या पलीकडे. मी पळाले, नळी घेतली, परत फिरले, आणि समोर ती लाल पाटी. सात नंबरची जागा तेव्हा रिकामीच होती, नवा पेशंट यायचा होता.

मी पाटी भिंतीवरून काढली आणि एप्रनच्या खिशात घातली. पडद्याच्या आत गेले, नळी दिली. सगळे त्यांच्या छातीवर वाकलेले. मी मागे सरकले आणि पाटी बारा नंबरच्या भिंतीवर लावून टाकली. का केलं ते माहीत नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. खोटं आहे ते. चांगलं माहीत होतं. मला ईरा दिसत होती, आणि नागपूरचं विमान दिसत होतं.

पाणी खेचून काढलं, ऑक्सिजन लावला, रंग परत आला. डॉक्टर म्हणाले, आता न्युमोनिया होतो का ते बघायचं, या वयात काही सांगता येत नाही. ताईंनी कपाळ पुसलं आणि वर बघितलं. पाटी दिसली. त्या बघतच राहिल्या. पुढे होऊन त्यांनी पाटीला बोट लावलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "ही इथेच होती?"

कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

ताईंनी तासाभरात इन्सिडेंट फॉर्म भरला. चूक झाली की इथे तो भरावा लागतो. त्यात त्यांनी लिहिलं की पाटी लावलेली होती, मला दिसली नाही, पाणी मी पाजलं, हँडओव्हरच्या आधी पाजलं, चूक संपूर्ण माझी. आमच्याकडे असतं तर मेट्रनने आधी तीन ज्युनिअरांची सालटी काढली असती. त्यांनी कोणाला विचारलंसुद्धा नाही, काल बेड कोणी हलवला.

दुपारी बूथवरून कार्ड घालून अवधूतला फोन केला. ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "हे बघ, गप्प बस. त्यांची अठ्ठावीस वर्षांची नोकरी आहे, त्यांना कोणी काही करणार नाही. तुला मात्र परत पाठवतील. मार्चपर्यंत तोंड उघडू नकोस."

"आणि तो माणूस मेला तर?" मी विचारलं.

"तू सांगितल्याने तो वाचणार आहे का?" तो म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं, आणि ते बरोबर असणंच मला नको होतं.

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मिस्टर हॅलमना ताप चढला. श्वासाबरोबर घरघर. मी दर अर्ध्या तासाला बारा नंबरपाशी जायचे, तापाचे, ऑक्सिजनचे आकडे बघायचे. मिसेस हॅलम रोज दहाला यायच्या, लोकरीची टोपी घालून, पर्स मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून बसायच्या. मी त्यांना चहा नेऊन द्यायचे, बिस्किटं द्यायचे, उशी द्यायचे. त्या मला "थँक यू, डक," म्हणायच्या. इकडची बायामाणसं प्रेमाने असं म्हणतात. प्रत्येक 'डक'ला मी मान खाली घालून ट्रे उचलायचे.

पण खरी भीती मला ताईंकडे बघून वाटायला लागली. त्यांनी पाण्याची ट्रॉली ट्रेसीकडे दिली. औषधं देताना गोळ्या एकदा मोजायच्या, परत मोजायच्या, मग तिसऱ्यांदा. बेडवरच्या पाट्या बोट ठेवून वाचायच्या, ओठ हलवत. भरभर चालणारी बाई, आता मध्येच थांबायची आणि आपण कुठे निघालो होतो ते आठवत उभी राहायची. सकाळचा तो प्रश्न त्यांनी विचारायचा सोडला.

तिसऱ्या दिवशी टी-रूममध्ये आम्ही दोघीच होतो. त्यांनी कपात टी-बॅग घातली आणि पाणी ओतायचं विसरल्या.

"अर्चना, आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं गं," त्या म्हणाल्या. "समोरची वस्तू दिसायची नाही. चष्मा नाकावर आणि घरभर शोधायची. शेवटी आम्हा बहिणींना ओळखत नव्हती."

"नाही हो ताई, तुमचं तसं काही नाहीये," मी म्हणाले.

"तुला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "एवढी मोठी लाल पाटी. मी तिच्याखाली उभी होते."

मला सगळं माहीत होतं. मी उठून त्यांच्या कपात पाणी ओतलं. चार दिवसांत मी केलेली ही त्यांची एकमेव सेवा.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. "आज मिसेस हॅलमना सांगायचंय, काय झालं ते. तू माझ्याबरोबर चल. तुलाही कधीतरी कोणाच्या घरच्यांना असं सांगावं लागेल, कसं सांगतात ते बघून ठेव." मग कागद आवरता आवरता सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "मेट्रनला मी पत्र दिलंय. चार्ज सोडते. ज्या बाईला पाटी दिसत नाही तिच्या हातात चोवीस माणसं नकोत."

अवधूत म्हणाला होता त्यांना कोणी काही करणार नाही. खरंच कोणी काही केलं नव्हतं. नुकसान त्या स्वतःच स्वतःचं करून घेत होत्या, आणि ते मी भिंतीवर टांगलेल्या एका खोटेपणामुळे.

नातेवाइकांच्या छोट्या खोलीत तीन खुर्च्या, टिश्यूचा डबा, बंद खिडकी. मिसेस हॅलमनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, "ते जाणार का?"

"अजून सांगता येत नाही," ताई म्हणाल्या. "आज ताप थोडा उतरलाय. पण तुम्हाला एक सांगायचं आहे. त्यांना हा न्युमोनिया माझ्यामुळे झाला. त्यांना पाणी द्यायचं नव्हतं. मी पाजलं. भिंतीवर पाटी लावलेली होती, मी ती..."

"नव्हती," मी म्हणाले.

ताई थांबल्या. खोलीत कोणीतरी वेगळंच बोललं असं मलाही वाटलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"सिस्टर, पाटी नव्हती तिथे. मी आदल्या रात्री बेड हलवला आणि पाटी आणायला विसरले. पाणी पाजताना मी दारातून बघितलं, तरी ओरडले नाही. तुम्ही सगळे त्यांना सांभाळत होता तेव्हा मी ती सात नंबरवरून आणून लावली. तुम्हाला पाटी दिसली नाही कारण ती नव्हतीच."

मिसेस हॅलम पर्सची क्लिप उघडत होत्या, लावत होत्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू मला रोज चहा आणून देत होतीस."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी सॉरी म्हणाले, दोनदा म्हणाले. ताईंनी त्यांना सांगितलं की तक्रार कुठे करायची, कोणाला भेटायचं, फोन नंबर लिहून दिला. शांतपणे, एकेक शब्द सुटा. मिसेस हॅलम उठून नवऱ्याकडे गेल्या.

कॉरिडॉरमध्ये आल्यावर ताईंनी माझं मनगट धरलं आणि मला लिननच्या, म्हणजे चादरींच्या खोलीत ओढलं. दार लावलं. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. वॉर्ड असूनही त्या मराठीत बोलल्या.

"चार दिवस! अगं, मी वेडी होतेय असं वाटत होतं मला चार दिवस! परवा डॉक्टरकडे जाऊन आले. शंभरातून सात सात वजा करत जा म्हणाला. बहात्तरनंतर मी पासष्टऐवजी सहासष्ट म्हणाले. घरी येऊन रडले. रोज तीन तीनदा उठून गॅस बघते. माझ्या मुलीला फोन करून सांगितलं मी, की मी तुला ओळखेनाशी झाले तर मला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेव. आणि तू माझ्या कपात पाणी ओतत होतीस!"

मी रडत होते. "ताई, मला भीती वाटत होती. सहीची. ईराची."

"माझी नाही?"

"तुमची तर सगळ्यात जास्त," मी म्हणाले. निघून गेलं तोंडातून.

त्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या. बाहेर ट्रेसी कोणाला तरी हाका मारत होती.

"मी रोज विचारत होते," त्या म्हणाल्या. "माझं काय चुकलं म्हणून. तू म्हणायचीस, काही नाही. चार महिन्यांत एकदाही मला प्रश्न पडला नाही, की ही पोरगी कधीच कशी काही बोलत नाही. खरं सांगू? बरं वाटायचं मला. ट्रेसी बोलायची ना, ते लिहून घ्यायचे मी, पण राग यायचा. तुझ्याकडे आले की वाटायचं, चला, आपल्याकडची मुलगी आहे, हिला कदर आहे." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "हँडओव्हरच्या आधी पाणी पाजत फिरते, हे धोक्याचं आहे, हे तुला दिसलं होतं का कधी?"

"पहिल्याच आठवड्यात," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. मग उठल्या, ऑफिसातून कोरा फॉर्म आणला, आणि आम्ही तिथेच चादरींवर बसून तो पुन्हा भरला. माझं मी लिहिलं, काही न लपवता. खाली एक चौकट असते, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार. मला सुचेना. ताईंनी पेन घेतलं आणि लिहिलं, की यापुढे मी हँडओव्हर झाल्याशिवाय कोणाला पाणी देणार नाही. त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली, की माझी नर्स मला घाबरत होती, मला ते सोयीचं वाटत होतं म्हणून मी बघितलं नाही. अक्षर वेडंवाकडं आलं. असं काही कोणी इन्चार्ज स्वतःहून कागदावर लिहून देतं, हे मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही.

पुढे माझं ॲडॅप्टेशन तीन महिने वाढलं, आम्हा दोघींनाही लेखी समज मिळाली, आणि त्यांचं चार्ज सोडायचं पत्र मेट्रनने परत केलं. मिस्टर हॅलम मार्चमध्ये व्हीलचेअरवरून घरी गेले. मिसेस हॅलम माझ्याशी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. पण त्या सकाळी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. फॉर्म घेऊन आम्ही मेट्रनच्या ऑफिसकडे निघालो तेव्हा मला वाटत होतं की आज संध्याकाळी बॅग भरायची आहे.

जिन्यात माझे पाय थांबले. "ताई, मला फार भीती वाटतेय," मी म्हणाले.

त्या दोन पायऱ्या पुढे गेल्या होत्या, परत खाली आल्या. "हे तू मला आधी सांगायला हवं होतंस," त्या म्हणाल्या. "मलाही वाटतेय. चल."